ओट्याची उंची

टाइल नंतर दाखवा. आधी कोपर दाखवा.
हात असा वाकवा, कांदा चिरताना वाकतो तसा.
घरात चप्पल घालत असाल तर घालूनच उभ्या राहा.
कोपरापासून चार इंच खाली,
तिथे तुमचा ओटा.

बागूल म्हणाले, पण मिस्त्री, आमच्यात दोघं करतो.
उज्ज्वलाताईंची अंबडला सेकंड शिफ्ट,
कंपनीची बस रात्री साडेअकराला पाथर्डी फाट्यावर सोडते.
तोवर भाजी, भात, पोराचा अभ्यास यांच्याकडे.
सकाळच्या भाकरी ताईंच्या.
ताईंचं कोपर सदतीस इंचांवर, बागुलांचं त्रेचाळीसला.
लग्नाला सोळा वर्षं,
मधले सहा इंच कुणी मोजले नव्हते.

मोबाइलमधला फोटो पुढे केला त्यांनी:
पांढराशुभ्र ओटा, वर एकच लिंबू.
मी विचारलं, हे लोक फोडणी कुठे देतात?
हळदीचा डाग पांढऱ्यावर म्हातारा होईपर्यंत राहतो.
काळा ग्रॅनाइट घ्या. नाहीतर कडप्पा,
पण मग लिंबू पिळलं की लगेच पुसा.

भिंतीला ओल आहे म्हणता.
ओलीवर रंग म्हणजे तापलेल्या अंगाला पावडर.
प्लॅस्टिकचा वीतभर चौकोन कापा,
चारी कडांना टेप मारून भिंतीला चिकटवा
आणि चार दिवस विसरून जा.
आतल्या बाजूने थेंब धरले तर पाणी भिंतीतलंच आहे,
वरच्या मजल्यावर बोलायला जा. चहाच्या वेळेला जा, भांडायला नको.
बाहेरून धरले तर तुमच्याच कुकरची वाफ.
खिडकी उघडा, माझी मजुरी वाचवा.

रंगाचं कार्ड दुकानात बघून ठरवू नका,
भद्रकालीत त्या गल्लीला भरदुपारीही ट्यूब लागते.
पुठ्ठ्यावर दोन हात मारा, भिंतीला टेकवून ठेवा.
ताईंना हे घर बहुतेक रात्रीच दिसतं,
म्हणून रात्री पावणेबाराला बघा,
डोळे चुरचुरत असताना, पर्स खांद्यावरून उतरायच्या आत.
तेव्हा जो रंग बोचला नाही, तो आणा.

बाथरूममध्ये टाइल बसण्याआधी तांब्याभर पाणी ओता.
जाळीकडे गेलं तर मला चहा,
दाराकडे आलं तर मला शिव्या. पण त्याच दिवशी द्या,
माल सुकल्यावर शिव्यांनी उतार मिळत नाही.
आणि सहा टाइल जादा घेऊन पलंगाखाली टाका.
दुकानदार म्हणेल, कधीही मिळेल हो.
कधीही नाही मिळत.

ओट्याचं असं केलं:
खिडकीकडचा भाग एकोणचाळीस, बागुलांच्या चिरण्याचा.
पुढे पायरी, आणि तेहेतीसवर गॅस, भाकरीची परात.
गॅस खालीच बरा, पातेल्याला स्वतःची उंची असते.
सोसायटीतले दोघे-तिघे येऊन हसून गेले,
म्हणाले, जमधडे, लेव्हल चुकली वाटतं!
ताई काहीच बोलल्या नाहीत.
परात ठेवली, रिकाम्याच हाताने दोनदा थापलं,
आणि खांदे खाली आले त्यांचे.

त्या रात्री पेठ रोडला घरी आलो. टेप खिशातच होता.
सोजर ओट्याशी, टाचा उचलून, पीठ मळत होती.
बिल्डरने दिला तसा ओटा. चौदा वर्षं झाली.
म्हटलं, हात वाकव जरा.
ती म्हणाली, कणकेचे आहेत, काय पाहिजे ते बोला.
मोजलं. परत मोजलं, मला माझ्या टेपवर विश्वास नव्हता.
चार इंच.
चौदा वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसून
पेन्सिलीने खुणा केल्या.

ओटा तोडायला पैसे नव्हते त्या महिन्यात.
बागुलांकडची उरलेली फळी मागून आणली,
चार इंचांचा पाट केला,
कडा घासल्या, खाली रबर मारलं, घसरू नये म्हणून.
ती वर चढली, मळू लागली.
थोड्या वेळाने म्हणाली,
हलतोय हो डावीकडून.

हलत होता.
पुठ्ठ्याची घडी करून खाली सारली.